काळी बॅग, महत्त्वाची कागदपत्रं

“तुमच्या बसमध्ये माझी बॅग राहिली आहे. फोन कुणी उचलत नाही. ताबडतोब उत्तर द्या.”

ऑफिसचं शटर वर करून मी गणपतीला उदबत्ती ओवाळत होते, तेवढ्यात कॉम्प्युटर टुणकन वाजला. उदबत्ती तशीच हातात धरून मी वाचलं. लिहिणारी सुलभा नलवडे, जयसिंगपूर. मी खुर्ची ओढली आणि आमचं ठेवणीतलं उत्तर टाकलं, “आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल गोदाप्रिया परिवार दिलगीर आहे. कृपया सीट नंबर इनबॉक्समध्ये कळवा. – उल्का.”

ही नाशिकची गोष्ट आहे, फेसबुकचं नवं नवं कौतुक होतं तेव्हाची. गोदाप्रिया ट्रॅव्हल्सच्या द्वारका चौकातल्या ऑफिसात मी बुकिंग करायचे. आमचे मालक नंदूशेठ चोथवे एकदा कुठल्याशा हॉटेलातल्या शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, “उल्का, आता गिऱ्हाईक भांडायला ऑफिसात येत नाही. चारचौघांत लिहितं. मग आपण पण चारचौघांतच मिटवायचं.” त्या दिवसापासून बुकिंग सांभाळून पेज सांभाळायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. पगार तोच. एसी चालत नाही, पांघरुणाला वास येतो, ड्रायव्हर फार बडबडतो, असं लोक लिहायचे आणि मी दिलगीर व्हायचे. दिवसातून इतक्यांदा दिलगीर व्हायचे, की घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी तेच वाक्य तोंडात यायचं. आणि तक्रार मिटली की शेठचा हट्ट असायचा फोटोचा. छत्री, चार्जर, एकदा तर चक्क कवळी. हरवलेली वस्तू हातात घेऊन हसणारं गिऱ्हाईक पेजवर झळकलंच पाहिजे. कवळीवाले आजोबा मात्र खरंच छान हसले होते.

इनबॉक्समध्ये उत्तर आलं. “सांगली-नाशिक स्लीपर. खालची अकरा नंबर. काळी बॅग. त्यात महत्त्वाची कागदपत्रं आहेत.”

मी ड्रायव्हरला, उत्तमला, फोन लावला. तो गाडी आडगावच्या पार्किंगला लावून दात घासत होता. तोंडात फेस ठेवूनच त्यानं हाक मारली, “एकनाथ, अकराला काळी बॅग दिसली का रे?”

लांबून आवाज आला, “काळी बॅग? नाही बा.”

“नाही म्हणतो,” उत्तम मला म्हणाला. “मी पण पाहून आलो. गाडी झाडून झाली ना. काहीच नाही.”

एकनाथ भोये म्हणजे आमचा क्लीनर. पन्नाशीचा, पेठ तालुक्याकडचा माणूस. तोंडानं तुसडा, पण ती छत्री, तो चार्जर आणि ती कवळी त्यानंच आणून टेबलावर आपटली होती. तो नाही म्हणाला म्हणजे नाही, यात मला शंका नव्हती. मी बाईंना तसं कळवलं आणि चहा सांगितला.

“मला गाडी बघू द्या. कुठं लावली आहे?” बाईंनी विचारलं.

पार्किंगमध्ये प्रवाशांना न्यायचं नाही असा आमचा नियम होता. तो मी गोड शब्दांत लिहिला. माझं चुकलं असं म्हणवत नाही, नियमच होता. पण चहाचा ग्लास ओठाला लावते न लावते तोच पेजवर, सगळ्यांच्या देखत, नवी ओळ उमटली : “गोदाप्रियाच्या लोकांनी माझी बॅग चोरली. क्लीनर खोटं बोलतोय. गाडी दाखवायला तयार नाहीत. का?”

तो ‘का’ लोकांना फार आवडला. बघता बघता खाली रांग लागली. एकाची चप्पल गेली होती, एकाचा टिफिन गेला होता, एकाचं तर काहीच गेलं नव्हतं पण तो आधीपासूनच हे सांगत होता. “क्लीनर लोक सामील असतात.” “ठोका एकेकाला.” “बॅगेत सोनं होतं का ताई?” उचलली जीभ लावली टाळ्याला. मी प्रत्येकाला दिलगिरी वाटत सुटले आणि जितकी वाटावी तितके लोक चेकाळायला लागले.

नंदूशेठचा फोन आला. ते सिन्नरला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. मागं सनई वाजत होती.

“उल्का, काय चाललंय हे? इथं व्याह्यांनी मला दाखवलं! जेवणाच्या पंगतीत बसायची सोय राहिली नाही.”

“शेठ, बॅग गाडीत नाहीच आहे.”

“नाही ना? मग मिटव. काहीही कर, पण दुपारच्या आत मिटव.”

फोन ठेवला आणि समोर पाहिलं, तर दारात एक बाई उभी. पन्नाशीच्या आसपासची, फिकट सुती साडी, खांद्याला प्रवासाची पिशवी, केस विंचरलेले नाहीत. पेजवरचं वाचून मी मनात जी कजाग बाई रंगवली होती ती ही नव्हती.

“मी सुलभा नलवडे. मला गाडी दाखवा.”

“बसा ना ताई. पाणी घ्या आधी.”

“पाणी नको. गाडी दाखवा, मी शोधते. दोन मिन्टांचं काम आहे की.”

“ताई, गाडी झाडून झाली. काळी बॅग कुठंच—”

“काळी नसंल,” ती पटकन म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे... बॅग म्हणजे पिशवीच तशी.” तिनं मान खाली घातली. “तुम्ही गाडी दाखवा, मग मी ओळखते.”

आता मात्र मी सावध झाले. आमच्या धंद्यात अशी माणसं भेटतात. नसलेली वस्तू हरवतात आणि भरपाई मागतात. मी आवाज जरा कडक केला. “ताई, पिशवीचा रंग सांगा, आत काय होतं ते सांगा. तुम्ही आमच्या माणसाला जगासमोर चोर ठरवलंय. नुसतं कागदपत्रं म्हणून कसं चालेल?”

ती ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. तेवढ्यात कॉम्प्युटर पुन्हा वाजला. मी सवयीनं मोठ्यानं वाचलं, “जयवंत नलवडे. ‘ताई, कुठली बॅग? फोन का उचलत नाहीस?’ तुमचे कोण हे?”

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं बाकाची कड धरली आणि हळूहळू खाली बसली.

“जयवंताला कसं दिसलं हे?”

“ताई, पेज आहे ते. सगळ्यांना दिसतं.”

“सगळ्यांना?” तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच कसंनुसं झालं. “मला वाटलं तुमच्या मालकाला दिसतंय. यष्टीत तक्रारवही असती, तशी. भाचीनं फेसबुक काढून दिलं मला, पण हे असलं मला कुणी सांगितलं नाही हो.”

मी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले. ती पदराचं टोक पिळत होती. मग म्हणाली, “आप्पा आहेत त्यात.”

“काय?”

“आमच्या वडिलांच्या अस्थी. आज दहावा आहे त्यांचा. रामकुंडावर.”

त्यानंतर ती बोलायला लागली ती थांबेचना. आप्पा अंथरुणाला खिळले, तेव्हापासून तीच त्यांचं सगळं करत होती. लग्न केलं नाही, नोकरी सोडली. भाऊ ठाण्याला. अस्थी सावडल्यावर तो म्हणाला, मी गाडीतनं घेऊन जातो, ताई तुला झेपायचं नाही. यावरून दोघांची चांगलीच जुंपली. हिनं हट्ट धरला, आप्पा इतकी वर्षं माझ्याजवळ होते, शेवटचेही माझ्याबरोबरच येतील. भाऊ रागानं निघून गेला. आता तो रामकुंडावर गुरुजींना घेऊन थांबला होता, आणि ही आमच्या बाकावर रिकाम्या हातानं बसली होती.

“पिशवी खाली ठेवता येत नाही. उशाशी कशी घेणार?” ती म्हणाली. “खिडकीच्या पडद्यामागं हूक होता, तिथं अडकवली. हात लावून जागीच होते मी. पहाटे डोळा लागला. मग एकदम ‘द्वारका, द्वारका’ असा ओरडा झाला, आणि मी माझी पिशवी घेऊन उतरले. पडदा तसाच राहिला. रिक्षात बसल्यावर आठवलं.”

“अहो, मग तेव्हाच खरं का नाही सांगितलं? साधी कापडी पिशवी म्हणाला असतात तर—”

“तिकीट काढताना तुमच्याच माणसानं विचारलं, अस्थी-बिस्थी नाहीत ना बरोबर? मी नाही म्हणाले.” तिनं डोळे पुसले. “कापडी पिशवी, आत तांब्या, लाल फडक्यात बांधलेला, असं सांगितलं असतं तर कळायचं कुणाला राहिलं असतं? म्हटलं बॅग म्हणावं. गाडी शोधतीलच, तर पिशवी सापडेलच.”

अस्थी न नेण्याचा आमचा नियम खरा होता. लिहिलेला कुठं नव्हता, पण उत्तमला पक्का माहीत होता. मागं एकदा प्रवाशाजवळ अस्थी आहेत असं कळल्यावर त्यानं भर घाटात गाडी थांबवून तमाशा केला होता, आणि नंदूशेठनं त्याचीच पाठ थोपटली होती. वर गाडी गोमूत्र शिंपडून घेतली ती वेगळीच.

“तुम्ही कुणाला सांगू नका,” ती माझा हात धरून म्हणाली. “जयवंताला तर नाहीच. तो म्हणालाच होता, झेपायचं नाही. जन्मभर ऐकवेल. जन्मभर. आप्पांना बसमध्ये विसरून आलीस म्हणून.” आणि मग, जरा थांबून, “त्याचं जाऊ दे हो. मी स्वतःला काय सांगू?”

मी शब्द दिला. दुसरं काय करणार होते? शब्द दिला आणि एकनाथला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. रात्रभर गाडीवर जागलेला माणूस खोलीवर जाऊन झोपला असणार. पुन्हा लावला. पुन्हा तेच. इकडे सुलभाताईंच्या पर्समध्ये त्यांचा फोन गुरगुरत होता, त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना. कुणीतरी एकनाथचा फोटो टाकला. आमच्याच पेजवरून उचललेला होता. ‘आमचा परिवार’ म्हणून शेठनं सगळ्या ड्रायव्हर-क्लीनरचे फोटो नावांसकट लावले होते. त्यातला एकनाथ, गळ्यात गोदाप्रियाचं उपरणं, कॅमेऱ्याकडे रागानं बघतोय. खाली लिहिलं होतं, “हाच तो चोर. ओळखून ठेवा.” मी ती टिप्पणी लपवली, तोवर ती दहा ठिकाणी पोचली होती. लपवल्यावर लोक आणखीच खवळले. “फोटो का काढला? मालकही सामील!”

नंदूशेठचा पुन्हा फोन. आता सनई नव्हती, बाहेर येऊन बोलत होते. “लिही, उल्का. क्लीनरला कामावरून कमी केलं आहे. चौकशी चालू आहे. लिही आणि टाक.”

“पण शेठ, एकनाथदादांनी काही—”

“मला माहीत आहे ना! नंतर घेऊ परत. लोकांना काहीतरी द्यावं लागतं. टाक पटकन.”

“टाकते,” असं म्हणून मी टाकलं नाही. वेळ काढायला टेबलाचे कप्पे उघडझाप करत बसले. घड्याळ पुढं सरकत होतं. सुलभाताई बाकावर पुटपुटत होत्या, काय ते ऐकू येत नव्हतं.

मग ऑफिसचा फोन वाजला. एकनाथ होता.

“ताई, मी चोर झालो का?”

“दादा, ऐका—”

“पोरगी कॉलेजला निघाली होती. मैत्रिणीनं मोबाइलवर दाखवला तिला बाप. ती आता घरात बसून रडते. दारात चार जण उभे, खिडकीतून बघून राहिले. काय चोरलं मी? काळी बॅग मी डोळ्यांनी पाहिली नाही!”

त्याच्या मागं लोकांचा गलका मला ऐकू येत होता. अस्थी हा शब्द मी उच्चारला असता तर तो दादांच्या तोंडून त्या गलक्यात पडला असता, आणि मी शब्द दिलेली बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी डोळे मिटले. एकनाथच्या जागी मी असते, आमच्या घरातलं कुणी असतं, तर असली पिशवी हातात आल्यावर काय केलं असतं? ती घरात नेली नसती. जमिनीवर ठेवली नसती. टाकून तर मुळीच दिली नसती. आमचे आजोबा गेले तेव्हा मागच्या शेवग्याला अस्थींचं गाठोडं बांधलं होतं, आणि आई आम्हा पोरांना तिकडे फिरकू देत नव्हती.

“दादा, एवढंच सांगा,” मी म्हणाले. “आज सकाळी तुम्ही कुठल्या झाडाला काही बांधलंत का?”

मग दार लावल्याचा आवाज आला आणि तो अगदी हळू बोलला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बांधलंत का?”

“बांधलं ना. पार्किंगच्या मागच्या लिंबाला.”

मी सुलभाताईंकडे बघून मान डोलावली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“उत्तम उभा होता ना शेजारी. त्यानं काळी बॅग विचारली. काळी बॅग नव्हतीच. हे त्याला दाखवलं असतं तर त्यानं कुठं भिरकावलं असतं काय माहीत. म्हटलं, ज्याचं माणूस आहे तो येईलच विचारत.” जरा थांबून तो म्हणाला, “तुम्ही या. मी जातो तिथं.”

मी ऑफिस उघडं टाकून निघाले. अशी मी त्याआधी कधी निघाले नव्हते. चौकातून रिक्षा घेतली आणि रिक्षात बसल्या बसल्या पेजवर लिहून टाकलं, “ग्राहकाची वस्तू सुखरूप सापडली आहे. चोरी झालेली नाही.” वाटलं, झालं, मिटलं. पण जीव काही खाली बसेना. झाडाला बांधलेली पिशवी. माकडं असतात, पोरं असतात, पार्किंगमध्ये गर्दुल्ले असतात. सुलभाताईंनाही तेच वाटत असावं. त्या रिक्षावाल्याच्या पाठीशी तोंड नेऊन सारख्या म्हणत होत्या, “दादा, जरा लवकर घ्या की.” आणि आडगाव नाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेव्हा त्या उतरून पायी निघायच्या बेतात होत्या. मी दंडाला धरून बसवलं.

पार्किंगच्या भिंतीमागं कडुलिंब होता. खाली एकनाथ उकिडवा बसला होता, अंगात बनियन, वर तसाच शर्ट अडकवलेला. आम्हाला बघून उठला, पण सुलभाताईंकडे त्यानं पाहिलं नाही. वर फांदीला पांढरी कापडी पिशवी होती. सुतळीचे चांगले तीन-चार वेढे दिले होते.

“तुमचं तुम्ही सोडा,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “मी वाकवतो फांदी.”

त्यानं फांदी खाली ओढून धरली. सुलभाताई गाठ सोडायला लागल्या, पण बोटं कुठं ऐकत होती त्यांची! एक गाठ सुटली, दुसरी सुटेना. एकनाथ फांदी धरून तसाच टाचा उंचावून उभा होता. घाई करा असं म्हणाला नाही. शेवटी पिशवी मोकळी झाली आणि त्यांनी ती छातीशी धरली. आत हात घालून चाचपलं. मग तिथंच उभ्या उभ्या हमसून हमसून रडल्या. “आप्पा, चुकलं हो माझं. चुकलं.” मलाही रडू आवरलं नाही. एकनाथ सुतळी गुंडाळत बसला.

जरा वेळानं त्या त्याच्याजवळ गेल्या. “दादा, तुमचे उपकार—”

“ते राहू द्या,” तो म्हणाला. “ते फोनवरचं मिटेल का?”

“मिटलं दादा,” मी घाईनं म्हणाले. “मी लिहिलं ना, वस्तू सापडली, चोरी नाही म्हणून.” आणि दाखवायला फोन काढला. पेजवर माझ्या ओळीखाली नवी पंगत बसली होती. “फेसबुकचा दणका!” “बघा, लाज निघाल्यावर चोरानं मुकाट्यानं बॅग परत केली.” “असेच वठणीवर आणा यांना.” आणि परत तोच फोटो.

मी फोन खाली घेतला, पण सुलभाताईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं होतं. एकनाथनं आमचे चेहरे बघितले. त्याला वाचायची गरज पडली नाही.

तेवढ्यात नंदूशेठ. “सापडलं ना? वा! शाब्बास! आता फोटो काढ. बाई, बॅग आणि आपला एकनाथ, तिघं हसताना. लिही, गैरसमज दूर झाला.”

“शेठ, फोटो निघणार नाही,” मी म्हणाले आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकाचा फोन मधेच ठेवून दिला.

रिक्षावाला हॉर्न देत होता. रामकुंड तिथून फार तर पंधरा-वीस मिनिटं. सुलभाताई तशाच निघाल्या असत्या, पिशवी हातात घेऊन घाटावर उभ्या राहिल्या असत्या, तर भावाला काय, कुणालाच कधी काही कळलं नसतं. मी त्यांना शब्द दिला होता आणि तो मी पाळलाही असता. त्यांनाही हे कळत होतं. त्या रिक्षाकडे दोन पावलं गेल्यासुद्धा.

मग मागं वळल्या. “तुमची मुलगी कितवीला आहे?” त्यांनी एकनाथला विचारलं.

“बारावीला.”

त्या झाडाखालच्या दगडावर बसल्या, पिशवी डाव्या हाताच्या कोपरात नीट धरली आणि उजव्या हातानं स्वतःच्या फोनवर एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. मधेच भावाचा फोन यायचा, लिहिलेलं नाहीसं व्हायचं, त्या तो थांबेपर्यंत थांबायच्या आणि पुन्हा लिहायच्या. मला वाटत होतं, ओरडून सांगावं की ताई नका, मी बघते काहीतरी. पण मी काय बघणार होते, हे मलाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी लिहिलं ते मला अजून पाठ आहे. “बॅग नव्हतीच. माझ्या वडिलांच्या अस्थी होत्या. मी खोटं सांगितलं. त्या कुणी चोरल्या नाहीत, मीच बसमध्ये विसरून उतरले. एकनाथ भोये यांनी त्या स्वतःच्या घरच्या असाव्यात तशा झाडाला बांधून ठेवल्या. ज्यांनी त्यांना चोर म्हटलं त्यांनी आता मला काय म्हणायचं ते म्हणावं. सुलभा नलवडे.”

पाठवायच्या आधी त्यांनी ते एकनाथला दाखवलं. तो ओठ हलवत हलवत वाचत गेला. शेवटी पोचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“एवढं कशाला लिहिलं?” तो म्हणाला. मग घसा खाकरून, “पोरीला दिसेल ना हे?”

“दिसेल,” असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

आम्ही तिघंही त्या छोट्या फोनकडे बघत उभे राहिलो. तोवर मिनिटाला चार-चार जण लिहीत होते, आता कुणीच लिहीना. मग तो फोन वाजायला लागला. जयवंत.

सुलभाताईंनी तो कसलासा निखारा असावा तसा माझ्या हातात दिला. “तुम्ही बोला. मला नाही जमायचं.”

मी कानाला लावला. “मी गोदाप्रिया ट्रॅव्हल्समधून उल्का बोलते.”

पलीकडे घाटावरचा गलबला होता. जयवंत म्हणाला, “वाचलं मी. ताई कुठाय?”

“इथंच आहेत. आम्ही निघतोच आहोत. झालं असं, की—”

“ते असू द्या. सकाळपासून तिनं काही खाल्लंय का?”

मी सुलभाताईंकडे पाहिलं. “नाही.”

“चहा?”

“नाही. पाणीही नाही.”

“मग आधी चहा पाजा तिला. नुसता नको, दोन बिस्किटं द्या बरोबर, तिला चक्कर येते. गुरुजींना मी थांबवतो.” नाक ओढल्याचा आवाज आला. “मी आत्ता गाडी घेऊन आलो असतो तिथं. पण येत नाही. आप्पांना तीच घेऊन येऊ दे.”

मी फोन सुलभाताईंच्या कानाला लावता लावता त्याला म्हणाले, “हे तुम्हीच सांगा त्यांना.”